मोटारीची तक्रार आणि आपलें दप्तर

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलजोडी उभी असे, पुढें ट्रॅक्टर आला, आणि आतां बागायती गांवांतून ट्रॅक्टरच्या शेजारीं घरची मोठी मोटार, जिला सर्वजण एस. यू. व्ही. म्हणतात, ती उभी असलेली दिसते. तिला कोणी चैन म्हणोत. परंतु मुलांस तालुक्याच्या शाळेंत पोंचविणें, आजारी माणसास रात्रीं-अपरात्रीं दवाखान्यांत नेणें, बाजार, लग्नकार्य, कोर्टकचेरी, हीं सर्व कामें आज तिच्यावर चालतात. उसाच्या बिलांतून किंवा बँकेच्या कर्जानें घेतलेली ही वस्तु पुष्कळ घरांत जमीन व घर यांच्या खालोखाल महाग असते. अशी वस्तु वारंवार बिघडूं लागली तर तिच्या तक्रारीचें पुढें काय होतें, या प्रश्नाचा विचार आपल्या मासिकांत व्हावा असें मला वाटतें, आणि म्हणून हा लेख.

माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, इंजिनाच्या बिघाडापेक्षां आपलें जास्त नुकसान आपल्या तोंडी तक्रारीनें होतें. सात-बाराच्या उताऱ्यावरील एका अक्षरासाठीं तहसिलीच्या पायऱ्या झिजविणारा शेतकरी पंधरा लाखांच्या मोटारीची तक्रार मात्र वर्कशॉपच्या दारांत उभ्याउभ्या बोलून परत येतो. तिचा कागद होत नाहीं. आणि ज्याचा कागद नाहीं तें घडलेंच नाहीं, हा सरकारदरबारचा नियम कंपनीच्या दरबारींहि तितकाच लागू आहे. हें मी लोकांस शहाणपण शिकविण्याच्या हौसेनें लिहीत नसून स्वतः ठेंच खाऊन लिहीत आहें.

आमच्या घरची हकीकत

२०२१ सालीं आमच्या चिरंजीवांनीं डिझेलवर चालणारी सात माणसांची नवी मोटार घेतली. सर्व कर व विमा धरून साडेचौदा लाख रुपये पडले. निम्मे घरचे, निम्मे कर्जाऊ. आमचें गांव तालुक्यापासून सहा किलोमीटर. सकाळीं नातवंडांस शाळेंत सोडावयाचें व परत यावयाचें, दुपारीं पुन्हां तीच फेरी, संध्याकाळीं मळ्यापर्यंत एक चक्कर, असा तिचा नित्यक्रम. तीन-चार महिन्यांनीं चालकासमोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमधील इसमानें गाडी तासभर ठेवून घेतली, दिवा घालविला आणि सांगितलें, "काका, विशेष कांहीं नाहीं. महिन्यांतून एकदां हायवेवर पळवून आणत जा." दोन महिन्यांनीं तोच दिवा, तोच उपाय व तेंच उत्तर. दीड वर्षांत असें चार वेळां झालें.

२०२२ च्या डिसेंबरांत आम्ही सर्व मंडळी पुण्याचें लग्न आटोपून साताऱ्याकडे येत होतों. रात्रीं दहाच्या सुमारास खंबाटकी घाटाच्या चढावर असतां पिवळ्याच्या जोडीस तांबडा दिवा लागला आणि गाडीचा जोर एकाएकीं गेला. चिरंजीवांनीं पाय कितीहि दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीनेंच चाले. मागें मालमोटारींची रांग, त्यांचे कर्णे, बाजूला दरी, आणि गाडींत आमचें कुटुंब, सूनबाई व दोन लहान मुलें. घाटमाथा येईपर्यंत गाडींत कोणी एक शब्द बोललें नाहीं. त्या रात्रीं निभावलें, एवढेंच म्हणावयाचें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं बॉनेट उघडून ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहिली. तरुणपणीं विहिरीवरील डिझेल इंजिन मीं पुष्कळ वर्षें चालविलें आहे. इंजिनांतील ऑइल कमी होतें हें ठाऊक होतें. येथें तें वरच्या खुणेच्याहि वर चढलेलें होतें, बोटास पातळ लागत होतें आणि त्यास डिझेलचा वास येत होता. गाडी पांचव्या वेळीं वर्कशॉपांत नेली तेव्हां हें मीं स्पष्ट सांगितलें. "भरतांना जास्त पडलें असेल," असें म्हणून त्यांनीं तें बदलून दिलें. तिसऱ्या वर्षीं टर्बो गेला. इंजिनाच्या बेअरिंगांचीहि झीज झाली आहे असें सांगण्यांत आलें व एक लाख बेचाळीस हजारांचा अंदाज हातीं देण्यांत आला. वॉरंटीची मुदत संपावयास अद्यापि अडीच महिने होते.

मीं वॉरंटीचा हक्क सांगतांच तेथील साहेब संगणकांत पाहून म्हणाले, "आपली या स्वरूपाची ही पहिलीच तक्रार दिसते." मीं मागचीं जॉबकार्डें काढावयास लावलीं. पांचहि कार्डांवर "जनरल चेकअप" व "वॉशिंग" एवढेंच लिहिलेलें होतें. दिवा लागल्याचा उल्लेख एकावरहि नाहीं, घाटांत गाडी दमल्याचा नाहीं, ऑइल वाढल्याचा नाहीं. सह्या मात्र पांचहि कार्डांवर होत्या. तीन चिरंजीवांच्या व दोन माझ्या. महसूल खात्याच्या टेबलाशीं बसून ज्यानें आयुष्यभर लोकांस "अर्ज लेखी द्या, पोंच घ्या" म्हणून बजावलें, त्यानेंच न वाचलेल्या कागदाखालीं सही केली होती! पुढें पुष्कळ पत्रव्यवहार झाल्यावर "सौजन्य म्हणून" निम्मा खर्च कंपनीनें सोसला. उरलेले एकाहत्तर हजार रुपये ही माझ्या हलगर्जीपणाची फी होय.

बिघाडाचें मूळ

आतां हा दिवा कशाचा, हें समजून घेतलें पाहिजे. कारण जी वस्तु समजत नाहीं तिची तक्रारहि नीट मांडतां येत नाहीं. डिझेलच्या धुरांत काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात व ते श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जातात. त्यांस आळा घालण्यासाठीं १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत नव्या वाहनांस भारत स्टेज सहा हें मान लागू झालें. पूर्वींच्या चौथ्या मानांत डिझेलच्या मोटारीस दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी स्वच्छता साधावयाची तर धुराच्या नळींत गाळणी बसवावी लागते. तिला डी. पी. एफ. म्हणतात. तिची रचना मधाच्या पोळ्यासारखी असते. भाजलेल्या मातीसारख्या कठीण पदार्थाच्या अरुंद नळ्या, एक या टोकास बंद तर शेजारची त्या टोकास बंद. धूर नळ्यांच्या भिंतींतून झिरपून बाहेर पडतो व काजळी आंत राहते.

कोणतीहि गाळणी भरली म्हणजे ती साफ करावी लागते. ठिबक सिंचनाची गाळणी आपण उघडून धुतों. ही गाळणी आंतली काजळी जाळून साफ होते. काजळी झपाट्यानें जळण्यास सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लांबच्या प्रवासांत धूर चांगला तापतो व कांहीं काजळी आपोआप कमी होत जाते. तेवढ्यानें न भागल्यास इंजिनाचा संगणक सिलिंडरांत थोडें डिझेल मुद्दाम उशिरानें सोडतो. तें पुढें धुराच्या वाटेंत जळून गाळणी तापते. या क्रियेस साधारणतः दहा ते वीस मिनिटें सलग चाल मिळावी लागते.

आतां आमच्या सहा किलोमीटरांच्या फेरीचा विचार करावा. इंजिन तापतें न तापतें तोंच शाळा येते व किल्ली फिरते. काजळी अर्धवट जळते. पुढच्या फेरींत पुन्हां जास्त डिझेल, पुन्हां अर्ध्यावर किल्ली. अशा डिझेलचा न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालीं ऑइलमध्यें उतरतो. ऑइल वाढलेलें दिसतें तें खरें वाढलेलें नसून त्यांत डिझेल मिसळलेलें असतें. असें पातळ ऑइल बेअरिंगांस व टर्बोस पुरेसें वंगण देऊं शकत नाहीं. इकडे गाळणी फारच तुंबली म्हणजे इंजिनाच्या रक्षणासाठीं संगणक त्याचा जोर स्वतःच कमी करतो. खंबाटकींत आमच्यावर आलेला प्रसंग तो हाच.

याचा अर्थ गाळणी वाईट असा नव्हे. काळा धूर परत यावा असें कोणीहि समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. आणि "हायवेवर पळवून आणा" हा उपायहि खोटा नव्हता. माझी तक्रार इतकीच कीं, तो विक्रीच्या वेळीं सांगावयास हवा होता. बियाणें विकणारा दुकानदारसुद्धां जमीन काळी कीं मुरमाड, पाणी बारमाही कीं आठमाही, हें विचारतो. मोटार विकतांना गाडी रोज किती चालणार, कोणत्या रस्त्यावर चालणार, हें आम्हांस कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर पेट्रोलची गाडी घ्यावी कीं डिझेलची, हा प्रश्न शोरूममध्येंच सुटला असता.

आपल्याकडील चुका

कंपनीस दोष देण्यापूर्वीं आपल्या अंगणांतील चुकाहि पाहाव्या. गोठ्याच्या कोपऱ्यांत ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा असतो. मोटारीचें ऑइल कमी वाटलें कीं त्यांतलेंच ओतण्याची पुष्कळांस संवय आहे. गाळणीच्या गाडीस कमी राखेचें विशिष्ट ऑइल लागतें. इतर ऑइलांतील द्रव्यांची राख गाळणींत सांचते, आणि राख काजळीप्रमाणें जळत नाहीं; ती कायमची बसते.

दुसरी चूक युरियाची. कांहीं डिझेल गाड्यांत धुरांतील नायट्रोजनचे विषारी वायु कमी करण्यासाठीं एक वेगळें द्रव भरावें लागतें. तें ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेलें क्षाररहित पाणी यांचें असतें. "युरियाच ना, मग घरीं पोतें आहे," असें म्हणून कोणी शेतांतील युरिया विरघळवून भरील तर ती यंत्रणा गमावून बसेल. शेतीसाठीं येणाऱ्या युरियास २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, आणि तो मुळांतच पिकांसाठीं केलेला आहे, यंत्रासाठीं नव्हे.

तिसरी चूक सर्वांत मोठी. गांवचा एखादा मिस्त्री गाळणीच कापून टाकतो व संगणकास फसविण्याची युक्ति करून देतो. दिवा जातो हें खरें. पण त्याबरोबर वॉरंटी जाते, कायद्याचा भंग होतो आणि उद्यां खरोखर कंपनीचा दोष निघाला तरी आपलें तोंड बंद होतें. पुराव्यावर स्वतःच्या हातानें पाणी ओतूं नये.

एकाची रड व गांवाची पैसेवारी

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीपुढें एका शेतकऱ्याची वही काय करणार? यास माझ्या जुन्या खात्यांतील दाखला देतों. एका शेतकऱ्याचें पीक बुडालें म्हणून कधीं गांवास सवलत मिळत नसे. तो कितीहि खरें बोलला तरी ती एकाची रड. परंतु पीककापणीचे प्रयोग झाले, आकडे तक्त्यांत बसले आणि गांवाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खालीं ठरली, म्हणजे तीच रड सरकारी कागद होई, आणि महसुलाच्या सुटीपासून पुढच्या सवलतींची वाट मोकळी होई. दुःख तेंच, मोजलें गेलें म्हणून त्यास वजन आलें. मोटारींच्या तक्रारींचें अगदीं असेंच आहे, आणि परदेशांत हें प्रत्यक्ष घडलेलें आहे.

ऑस्ट्रेलियाचें उदाहरण आमच्या विषयाशीं अगदीं जवळचें आहे. तेथें टोयोटा कंपनीच्या हायलक्स, फॉर्च्युनर व प्राडो या डिझेल गाड्यांतील याच गाळणीविषयीं मालकांनीं एकत्र दावा लावला. १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या काळांत विकल्या गेलेल्या २,६४,१७० गाड्यांचा तो प्रश्न होता. पांढरा धूर, दुर्गंधि, वारंवार लागणारे दिवे, वर्कशॉपच्या खेपा, अशा तक्रारी होत्या. मौजेची गोष्ट अशी कीं तेथील दोष आमच्या उलट निघाला. ताशीं सुमारें १०० किलोमीटर वेगानें सतत चालवीत राहिल्यास गाळणी नीट साफ होत नसे. म्हणजे आम्हांस जो उपाय सांगण्यांत आला तोच तेथें रोगाचें कारण! एप्रिल २०२२ मध्यें तेथील फेडरल कोर्टानें या गाड्या ग्राहक कायद्यास अपेक्षित अशा दर्जाच्या नव्हत्या असा निर्णय दिला व त्यांचें मोल १७.५ टक्क्यांनीं कमी धरलें. मार्च २०२३ मध्यें अपिलांत तें प्रमाण १० टक्क्यांवर आलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें, ज्यास तिकडे हायकोर्ट म्हणतात, कंपनीनें २०२० सालीं काढलेला दुरुस्तीचा उपायहि लक्षांत घेऊन नुकसानीचा हिशेब पुन्हां करावा असें ठरविलें. वाद रकमेचा उरला. दोष होता हें मात्र कायम राहिलें. आमची गाडी त्या कंपनीची नव्हे, हेंहि येथेंच सांगितलेलें बरें.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. तेथें ह्युंदाई व किया यांच्या कांहीं गाड्यांत, ज्यांत सांता फे स्पोर्ट व सोरेंटो या कुटुंबाच्या मोटारी होत्या, चालतां चालतां इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी येऊं लागल्या. क्रँकशाफ्ट घडवितांना राहून गेलेला धातूचा कीस ऑइलच्या वाटेंत अडकून बेअरिंग झिजत असे. ह्युंदाईनें २०१५ सालीं कांहीं गाड्या परत बोलाविल्या. २०१७ सालीं दोन्ही कंपन्यांस मिळून अमेरिकेंत सुमारें १२ लाख बोलवाव्या लागल्या. यांत उशीर केल्याबद्दल व खात्यास चुकीची माहिती दिल्याबद्दल नोव्हेंबर २०२० मध्यें तेथील वाहनसुरक्षा खात्याशीं झालेल्या करारांत दोघींवर मिळून २१ कोटी डॉलरांचा बोजा पडला. त्या खात्याकडे कोणीहि मालक तक्रार नोंदवूं शकतो व आलेल्या तक्रारी सर्वांस वाचावयास मिळतात, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शेजाऱ्याचीहि गाडी त्याच रीतीनें बिघडली आहे हें कळलें म्हणजे "आपली ही पहिलीच तक्रार" हें वाक्य कोणाच्या तोंडावर फेंकतां येत नाहीं.

कायदा काय देतो

आपल्या देशांत मार्ग नाहींत असें नाहीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अंमलांत आला. पूर्वीं विक्रेत्याच्या ठिकाणीं खेटे घालावे लागत. आतां ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे फिर्याद करतां येते. ५० लाखांपर्यंतच्या किंमतीची वस्तु जिल्हा आयोगाच्या कक्षेंत येते, आणि १० ते २० लाखांच्या वाहनास फी अवघी ४०० रुपये आहे. आयोग वस्तूची तज्ज्ञांकडून तपासणी करवूं शकतो. दोष दूर करून देणें, वस्तु बदलून देणें, पैसे परत करणें अथवा भरपाई देणें, यांपैकीं हुकूम देऊं शकतो. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती विसरूं नये. गाडी भाड्यानें चालविण्याच्या धंद्यासाठीं घेतली असल्यास ग्राहक कोण, हा वाद निघूं शकतो; घरच्या वापराच्या गाडीस ती अडचण नाहीं. फिर्यादीपूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर नोंद करून पाहावी. कधींकधीं तेवढ्यावरहि काम भागतें.

दुसरा मार्ग मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें उघडला आहे. एखाद्या प्रकारच्या वाहनांतील दोषामुळें पर्यावरणास, आंत बसणाऱ्यांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्यासारखा असेल, आणि तशा तक्रारी ठरविलेल्या प्रमाणांत आल्या, तर सरकार कंपनीस तीं वाहनें परत बोलावण्याचा हुकूम देऊं शकतें. हे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत व सात वर्षांपर्यंतच्या वाहनांस आहेत. तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर घरबसल्या नोंदवितां येते. भर घाटांत रात्रीं गाडीचा जोर जाणें हा आंत बसणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न नव्हे काय? परंतु येथेंहि शब्द "प्रमाण" असा आहे. म्हणजे पुन्हां पैसेवारीच. ज्यानें तक्रार नोंदविली नाहीं तो स्वतः तर गेलाच, पण शेजाऱ्याचाहि आंकडा एकानें कमी करून गेला.

दप्तर कसें ठेवावें

यासाठीं फार विद्या लागत नाहीं. गाडींत एक शंभर पानी वही ठेवावी. प्रत्येक नोंदींत तारीख, किलोमीटरचा आंकडा, कोणता दिवा लागला, त्या वेळीं गाडी कशी चालली होती व किती वेळ, हें लिहावें. दर पंधरा दिवसांनीं, गाडी सपाटीवर व इंजिन थंड असतां, ऑइलची पातळी पाहून ती खुणेच्या वर कीं खालीं तें टिपावें. दिवा लागतांच त्याचें चित्र मोबाईलवर घ्यावें, मात्र गाडी उभी करूनच. डिझेलच्या पावत्या त्याच वहींत चिकटवाव्या.

वर्कशॉपांत गेल्यावर तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहवून घ्यावी आणि वाचल्याखेरीज सही करूं नये. लिहिण्यास नकार मिळाल्यास सहीच्या वर आपल्या हातानें एक ओळ लिहावी. तो आपला हक्क आहे. गाडीच्या संगणकांत निघालेल्या बिघाडाच्या क्रमांकांचा छापील कागद मागावा. काय केलें, कोणता भाग बदलला, गाडी किती दिवस ठेविली, हेंहि परत घेतांना लेखी घ्यावें. एकच दोष दुसऱ्यांदां आला तर कंपनीच्या मुख्य कचेरीस पत्र धाडावें व त्याची पोंच जपावी.

ही वही दुधारी आहे, हें मी लपवीत नाहीं. आमच्या गाडीची अशी वही असती तर तिनें कंपनीचें दुर्लक्ष दाखविलें असतें, आणि रोजच्या सहा किलोमीटरांच्या फेऱ्याहि दाखविल्या असत्या. तिच्यावरून कदाचित् पहिल्या वर्षींच आमच्या लक्षांत आलें असतें कीं दिवा नेहमीं शाळा सुरू असतांच लागतो, सुटीच्या महिन्यांत लागत नाहीं. मग चाल बदलतां आली असती किंवा गाडीच बदलतां आली असती. खरी नोंद ज्याच्या त्याच्या पदरीं ज्याचा त्याचा दोष घालते, आणि म्हणूनच ती विश्वासास पात्र होते.

संघास विनंती

शेवटीं आपल्या संघाच्या चालकांस माझी एक सूचना आहे. संघाच्या कचेरींत मोटारींच्या तक्रारींचें एक सामाईक रजिस्टर उघडावें. त्यांत सभासदाची गाडी कोणत्या प्रकारची, कोणत्या सालची, दोष कोणता, कितव्या किलोमीटरवर आला व वर्कशॉपनें काय केलें, एवढे रकाने पुरेत. एकाच प्रकारच्या गाडींत एकच दोष आठ-दहा ठिकाणीं दिसला तर संघानें कंपनीस लिहावें व त्या सर्व सभासदांकडून सरकारी पोर्टलवर नोंद करवावी. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांस आयोगाच्या परवानगीनें एकत्र फिर्याद करतां येते. वकिलाचा खर्च वांटला जातो व एकट्याची भीडहि उरत नाहीं. तसेंच नवी गाडी घेणाऱ्या सभासदानें आपला रोजचा वापर एका कागदावर लिहून विक्रेत्यास द्यावा आणि "या वापरास ही गाडी योग्य आहे काय?" याचें लेखी उत्तर मागावें, असा नमुना संघानें छापून ठेवावा. त्या एका प्रश्नानें पुष्कळ पुढील प्रश्न टळतील.

कांहीं मित्रांचें म्हणणें असें कीं, भावाचा प्रश्न, विजेचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न असतां संघानें मोटारींत लक्ष कां घालावें? त्यांस माझें उत्तर असें कीं, ज्या कर्जाच्या हप्त्यासाठीं ऊस कारखान्यास जातो तें कर्ज शेतीच्याच उत्पन्नांतून फिटतें. गाडी दारांत मेली म्हणून हप्ता थांबत नाहीं. शिवाय ही संवय एकदां लागली कीं ती मोटारीपुरती राहणार नाहीं. बोगस बियाणें, कमी वजनाचें खत, जळालेली मोटर, या सर्वांच्या तक्रारी याच वहींत पुढच्या पानावर बसतील.

आमची गाडी दुरुस्त होऊन पुन्हां चालत आहे. नातवंडांस शाळेंत सोडण्याचें काम आतां जुन्या स्कूटरवर होतें, आणि मोटार आठवड्यांतून एकदां लांबच्या कामास काढली जाते. तिच्या कप्प्यांत लाल पुठ्ठ्याची वही आहे. तींतील पहिली नोंद इंजिन उघडल्याच्या दिवसाची आहे. ती गाडी घेतल्याच्या दिवसाची असावयास हवी होती. वाचकांपैकीं ज्यांच्या दारांत नवी गाडी आली आहे त्यांनीं आजच आपली वही सुरू करावी, आणि ज्यांची गाडी बिघडली आहे त्यांनीं आपली हकीकत संघास लेखी कळवावी, एवढीच विनंती.

— एक निवृत्त महसूल कारकून